पाठमोऱ्या गाड्या

औंढ्यात एका छायाचित्रकारांचा फोटो स्टुडिओ आहे. सिद्धेश्वर धरणाच्या रस्त्यावर रात्रीची मोटार रॅली होती, तेव्हा मी वळणावर त्यांच्याशेजारी उभा होतो. गाडी समोरून आली की ते कॅमेरा खाली घेत आणि ती पुढे गेल्यावरच फ्लॅश उडवीत.

आयोजकांचा माणूस चिडला. "काहून पाठीमागून काढून राहिलात? समोरून काढा, न्हाईतर पुढल्या साली दुसरा बघतो."

"बघा की. डोळ्यांत उजेड गेला, तर पोरगं गाडीसगट धरणात जाईल."

पुढल्या वर्षी दुसरा छायाचित्रकार आला. हेही आले, कॅमेऱ्याशिवाय. गाडी दिसली की ते त्याच्या फ्लॅशवर तळहात ठेवीत. तो शिवी हासडी; हे "बराबर" म्हणत आणि हात तसाच ठेवीत.