एबोला फ्रेंच येत नव्हतं

व्रिदीच्या कालव्याकाठी फांटी कोळ्यांची जी वस्ती आहे, तिथं एकुआच्या पोरांइतकं साफ फ्रेंच कुणाची पोरं बोलत नाहीत. लोक म्हणत, बाईला हाव मोठी. पोरांना साहेब करायचंय तिला. एकुआ हे ऐकायची आणि मासे धुरवायच्या भट्टीत लाकूड सारायची. हावेचा त्यात काही संबंध नव्हता. पोरं फ्रेंच शिकली ती बापाच्या भीतीनं. आणि बाप तर केव्हाच बुडून मेला होता.

एबो, म्हणजे एकुआचा नवरा, पूर्वेकडच्या अपाम गावचा. तारलीचे थवे पश्चिमेला सरकले तसा मामाची नाव घेऊन तोही सरकत सरकत आबिजानला आला. मागून ट्रकमध्ये बसून एकुआ आली. एक पोर हाताशी, एक पाठीला बांधलेलं. हाताशी होती ती अराबा, पाठीवरचा फिफी. वाळू तीच, लाट तीच, मासळीही तीच. बदलली ती भाषा. गिऱ्हाईक यायचं, तोंड वाकडं करून काहीबाही विचारायचं, आणि एबो त्याच्यासमोर बोटं नाचवायचा. शेजारी आहू नावाची एक बाई होती, इथल्याच मुलखातल्या बाउले जमातीची. वस्तीत राहून तिला फांटी येत होती. ती म्हणायची, "अरं एबो, चार शब्द शीक की. बोटं झिजतील तुझी."

"समुद्राला कुठं फ्रेंच येतंय?" एबो म्हणायचा. "त्याला फांटी कळती. मला पोसतो त्यो समुद्र. सरकार न्हवं."

तो हट्टी होता आणि हसरा होता. नाव किनाऱ्याला लागायच्या आधीच तो लांबून पोरीच्या नावानं साद घालायचा. पहिलं अक्षर असं ओढायचा की लाटेच्या आवाजावरून ती साद वस्तीत यायची. अराबा हातातलं टाकून पळत सुटायची.

पुढच्याच हंगामात कालव्याच्या तोंडाशी लाट उलटी फिरली आणि नाव पालथी झाली. बाकीचे खलाशी पोहत आले. एबो आला नाही. प्रेतही आलं नाही.

बुडालेल्याचं प्रेत मिळालं नाही, तर त्याच्या आईच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यानं किनाऱ्यावर यावं लागतं. तो वाळूत दारू ओततो, नावानं बोलावतो, आणि मग मेलेल्याचं पोर त्याला सांगतं, घरी जा. मग तो उठून आपल्या गावच्या पूर्वजांत जाऊन बसतो. ज्याला कुणी सांगतच नाही, तो बसणार कुठं? एकुआनं अपामला निरोपावर निरोप धाडले. एबोच्या मामाकडून एकच उलट निरोप आला. "माझी नाव बुडवली त्यानं. त्याला बोलवायला म्या येत न्हाई."

हाक त्यानंतर सुरू झाली.

भर दुपारी यायची, सावली पायाखाली आली की. भट्ट्यांवर धूर सरळ उभा असायचा, बायका जेवायला टेकलेल्या असायच्या, आणि मागल्या वाटेनं, खोपटाच्या पलीकडून, अगदी तीच ओढलेली साद यायची. "अऽराबा." एकदाच. एकुआला ऐकू यायची, अराबाला यायची. फिफी तान्हा, त्याचं कुणाला कळणार. आहूला काही ऐकू आलं नाही, पण त्या वेळी एकुआच्या दंडावर काटा उभा राहिलेला तिनं पाहिला होता.

मेलेला माणूस एकदाच हाक मारतो. जित्याला काम असतं, तो दुसऱ्यांदा ओरडतो. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे फांटी पोर दुधाबरोबर शिकतं. ओ दिली की गेलं. अराबा शिकलेली होती. हाक आली की ती मान खाली घालून माशाचे खवले काढत राहायची. पण तिचे कान लाल व्हायचे.

मग ती शाळेत जाऊ लागली आणि पंचाईत झाली. मास्तर हजेरी घ्यायचे. एक नाव, एक हाक, पुढचं नाव. अराबा दुसऱ्या हाकेची वाट बघत बसायची. ती यायची नाही. पोरगी बाकावर बसलेली आणि कागदावर गैरहजर, असं बरेच दिवस चाललं. शेवटी मास्तर कुआमे स्वतः भट्टीवर आले. आहू मधे उभी राहून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करू लागली.

"तुमच्या मुलीला ऐकू येत नाही का?"

"येतंय की," एकुआ म्हणाली. "नको तेवढं येतंय."

मग तिनं कारण सांगितलं. मास्तर हसले नाहीत. तेही बाउले होते. "माझी आजी हेच सांगायची," ते म्हणाले. "पण बाई, माझ्या वर्गात पोरं खिडकीत बसतात इतकी आहेत. प्रत्येकाला दोनदा बोलावत बसलो तर शिकवू कधी? आणि मी काय मेलेला दिसतो तुम्हाला?"

"महिन्याच्या शेवटी दिसता जरासं, मास्तर," आहू म्हणाली आणि हे मात्र तिनं एकुआला सांगितलं नाही.

जाताना मास्तरांनी बजावलं, पोरगी हजेरीला बोलली नाही तर नाव कमी होईल. त्या संध्याकाळी एकुआनं अराबाला समोर बसवलं. "शाळंत पहिल्या हाकंला बोल. घरात न्हाई. ध्यानात येतंय का?"

"व्हय," पोर म्हणाली.

पण जिभेला शाळा कुठली आणि घर कुठलं. मंगळवार होता, समुद्राचा वार. सगळ्या नावा वाळूवर ओढलेल्या, कुणी जाळं भिजवत नाही त्या दिवशी. अराबा भिंतीशी बसून खवले काढत होती. एकाएकी ती उठली, हात सरळ मांड्यांशी लावले आणि समोरच्या मोकळ्या अंगणाला खणखणीत म्हणाली, "प्रेझां." हजर.

एकुआच्या हातात तारलीची पाटी होती. ती तिनं हळूच खाली ठेवली. हाक तिलाही ऐकू आली होती, तरी तिनं विचारलं.

"कुणाला बोललीस गं?"

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "बानं हाक मारली."

त्यानंतर एकुआनं तिला घोड्याएवढी झाली असतानाही पाठीला बांधून ठेवलं. पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. अंगावरून मीठ उतरलं, उशाला सुरी ठेवली, दर घटकेला कपाळाला हात लावून पाहिला. आज जाईल, उद्या जाईल. पोर गेली नाही. उलट पाठीवर कंटाळून किरकिर करू लागली.

आहू अत्तिएके घेऊन आली, कसाव्याचा तो आंबूस रवाळ भात, आणि त्यावर माशाचा तुकडा. आईबाप मेल्यागत बसलेल्या एकुआपुढं तिनं ताट सरकवलं.

"मला एक सांग. तुझ्या नवऱ्याला फ्रेंच येत व्हतं का?"

"थुकायचा त्यो त्याच्यावर."

"मग झालं तर. पोरीनं जबाब दिला फ्रेंचमधी. त्याला काय कळनार? त्याला वाटलं असंल, हितं कुनी परक्याची पोर ऱ्हाती. घर चुकलं म्हनून गेला असंल बिचारा." आणि ती हसली.

एकुआ हसली नाही. तिनं तो घास तसाच हातात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं घरात कायदा केला. या उंबऱ्याच्या आत पोरांनी फांटीचा शब्द काढायचा नाही. वस्तीतल्या फांटी पोरांत खेळायलाही ती त्यांना सोडेना.

आणि स्वतः तिनंही नाही. आहूला धुरवलेल्या माशाची शिदोरी द्यायची आणि शब्द घ्यायचे. मीठ, धूर, खवला, काटा, पावसाळा. घशातला तो खरवडता आवाज काढताना तिला वाटायचं मासळीचा काटा अडकलाय. सगळ्यात आधी तिला शिव्या आल्या, कारण त्या बाजारात फुकट मिळतात. फिफीला बोबडे बोल फुटले तेच फ्रेंचमध्ये, आणि पुढं तो आईच्या चुका काढू लागला. "असं नाही आई, असं म्हणतात," हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं की तेवढं तिला बिनचूक म्हणता यायला लागलं. दवाखान्यात, बसमध्ये, पाण्याच्या नळावर ती आता कुणाला मधे न घेता बोलायची. मास्तर कुआमे वाटेत भेटले की म्हणायचे, "घरी सराव चाललाय वाटतं. बाकीच्या फांटींनी तुमच्याकडून शिकावं."

ती मान डोलवायची. दाराला कडी घालावी तशी तिनं ती भाषा घातली होती, हे त्यांना काय सांगायचं?

कडी पक्की निघाली. साल उलटलं, दुसरं उलटलं, आणि एका दुपारी हाक आली तेव्हा एकुआनं पाहिलं, अराबाचे कान लाल झाले नाहीत. ती पुस्तक वाचत होती. पान उलटून वाचतच राहिली. रात्री जेवताना तिनं सहज विचारलं, "आई, बाबा मला हाक कशी मारायचे?"

एकुआनं सांगितलं नाही.

हाक मात्र थांबली नव्हती. रोज दुपारी ती यायची आणि घरात ती ऐकणारी आता एकटी एकुआ उरली होती. ती अंगावरच्या कापडाचं टोक दातात धरायची. जेवण पुढ्यात निवून जायचं. एक गोष्ट मात्र तिला आत कुठंतरी सलायची, आणि ती तिनं आहूलाही सांगितली नाही. एबोनं इतक्या वर्षांत बायकोच्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती.

पोरं मोठी झाली. फिफी सान पेद्रोच्या बंदरात कामाला लागला. अराबा औषधाच्या दुकानात बसू लागली. आणि मग एके दिवशी कुणी मेल्याची बातमी आणावी तसा तोंड पाडून, काठी टेकत, एबोचा मामा क्वान्सा दारात उभा राहिला. एक डोळा गेलेला, कंबर वाकलेली.

"माझा राग म्हातारा झाला गं," तो म्हणाला. "एबो सपनात येतो. ओलाकिच्च. म्हंतो, मामा, वाट दाव. माझ्या घरच्या बायकांनीबी त्यापायी तोंड चालवून जीव नकोसा केलाय. त्याला बोलवून न्यायला आलोय."

अराबा कामावरून आली. तिनं वाकून म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. "नमस्कार, आजोबा. आपला प्रवास सुखाचा झाला ना?"

मामानं एकुआकडं पाहिलं. "ही काय बोलती?"

"प्रवास बरा झाला का इचारती."

"मग तसं बोलंना का? तोंडात काय कोळसा धरलाय का तिनं?"

मामाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो कट्ट्यावर बसला. "एबोच्या पोरीला एबोची भाषा येत न्हाई. आन् बापाला घरी जा म्हनून कोन सांगनार? तू? बायको परक्या घराण्याची. पोरीनं सांगाय पायजे."

"तिला शब्द शिकवते."

"पोपटावानी म्हनून चालतंय व्हय? पोटातलं निघाय पायजे."

एकुआनं त्याच्यापुढं प्यायला पाणी ठेवलं. मग एकुआ म्हणाली, "मामा, सरदाराच्या म्होरं कुनी थेट बोलतंय का? मधी बोलका उभा असतो. आपलं त्याच्या कानात, त्याचं सरदाराच्या कानात. पोर तिच्या पोटातलं तिच्या बोलीत सांगंल. मी बोलकी हुते."

मामानं विचार केला. नाकारण्यासारखं त्यात काही नव्हतं. "बोलक्यानं आपल्या पदरचं घालायचं नसतंय," तो एवढंच म्हणाला.

मंगळवारी ते तिघं वाळूत उतरले. नावा ओढलेल्या होत्या, किनारा रिकामा. मामानं बाटली उघडली, थोडी दारू वाळूत ओतली, बुडालेल्या सगळ्यांची नावं घेतली, आणि शेवटी भाच्याचं घेतलं. म्हाताऱ्याचा आवाज चिरका होता, पण दूर गेला. मग त्यानं अराबाला काठीनं पुढं केलं.

अराबा लाटेकडं बघत उभी राहिली. "बाबा," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "मला तुमचा चेहरा आठवत नाही. आवाजसुद्धा नाही. आईला आठवतो. तिला वाटतं मला कळत नाही, पण ती दुपारी कधीच जेवत नाही. तुम्ही आता घरी जा. तिला जेवू द्या."

मामाला यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं एकुआला खूण केली.

एकुआ पाण्यात घोट्यापर्यंत गेली. इतक्या वर्षांत तिनं त्या वाळूवर फांटीचा शब्द मोठ्यानं उच्चारला नव्हता. "एबो," ती म्हणाली, "तुझी पोर म्हंती, तिला तुझं त्वांड आठवत न्हाई. आवाज आठवत न्हाई. तिचा नाद सोड. तिच्या नावानं पुन्हा हाक मारू नगंस."

"हां," मामा मागून म्हणाला. "आन् घरी जा म्हन."

लाट आली, तिच्या पोटऱ्यांवर आपटली, परत गेली. दोन शब्दांचं काम होतं. ते तिनं म्हटले असते तर दुपार नुसती दुपार झाली असती. घरात फ्रेंच, बाजारात फ्रेंच, आणि तिच्या दाराशी तिच्या भाषेत तिला कुणी काही म्हणणारं उरलं नसतं.

"आन् हाक मारायचीच झाली," एकुआ म्हणाली, "तर माझ्या नावानं मार."

मामानं काठी वाळूत हाणली. "काय बोललीस, बये? पोरीनं असं म्हटलं?"

"न्हाई."

"दारू ओतलेली हाय म्या. ती काय भरून घ्यायची असती व्हय पुन्हा? एकदाच मोकळं करता येतं मान्साला. घालवलंस त्याला तू. तिकडं त्याची माय वाट बघत बसलीया आन् तू—" तो पाठ फिरवून वाळू चढू लागला.

अराबा आईकडं आली. "आजोबा का चिडले? तू नीट सांगितलंस ना?"

"तू सांगितलंस तेच," एकुआ फ्रेंचमध्ये म्हणाली.

त्या दोघी निघाल्या. अराबा पुढं, चपला हातात घेऊन. एकुआचं ओलं कापड पायांना चिकटत होतं, म्हणून ती मागं पडली. सावली अगदी पायाखाली होती. पाठीमागून, पाण्याच्या बाजूनं, हाक आली. पहिलं अक्षर ओढलेलं होतं, आणि नाव अराबाचं नव्हतं.

एकुआ थांबली. तिनं वळून पाहिलं नाही. "हाय मी," ती म्हणाली. "बोल."

अराबा पुढून वळली. "कुणाशी बोलतेस?"

"मामांशी," एकुआ म्हणाली. मामा तर केव्हाच भट्ट्यांच्या पलीकडं दिसेनासा झाला होता. अराबानं रिकाम्या वाळूकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि तिच्यासाठी थांबून राहिली.