मांगं कोण लागला?

आमच्या भागात पळणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. सायकलवरचा विचारतो, बैलगाडीतला विचारतो, चहाच्या टपरीवरचे तर रोज विचारतात. "काऊन पळून राह्यले जी सर? मांगं वाघ लागला का?" प्रश्न थट्टेचा असतो, पण अगदीच पोकळ नसतो. आलापल्लीकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी साग आहे आणि वाघ कधीमधी या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी देतो. मी हात हलवून पुढे जातो. माझ्या मागे वाघ नसतो. कोणीच नसतं, असं मात्र मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. चाळिशीत शुगर निघाली. आधी गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन आलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालणाऱ्याला लोक थांबवतात आणि बदल्या, लग्नं, मूळव्याध यांवर बोलतात, म्हणून मी पळायला लागलो. अंतर वाढत गेलं. आता रविवारी वीसेक किलोमीटर होतात.

निरोगी माणूस पळण्याआधी बुटाची नाडी बांधतो. मला त्याआधी रात्रीचा भात आठवावा लागतो. आमच्याकडे जेवण म्हणजे भात, बाकी सगळं भाताच्या निमित्तानं असतं. किती भात खाल्ला, त्यावर किती इन्सुलिन टोचलं, त्यातलं अजून अंगात किती शिल्लक असेल, ऊन किती, रस्ता चढाचा की उताराचा, हे सगळं डोक्यात जुळवायचं. पळताना स्नायू साखर आपसूक ओढून घेतात. वरून टोचलेलं इन्सुलिनही आपलं काम करतच असतं. ते सरकारी आदेशासारखं असतं. परिस्थिती बदलली तरी मागे घेता येत नाही, अंमलबजावणी चालूच राहते. म्हणून रविवारच्या आदल्या रात्री मी डोस कमी करतो, सकाळी एक केळं आणि अर्धी भाकरी खातो, आणि कमरेच्या पिशवीत गुळाचे खडे आणि ग्लुकोजची पुडी घेतो. एकदा नाकाबंदीवरच्या जवानानं मला थांबवलं होतं. जंगलाच्या रस्त्यावर घामेजलेला माणूस आणि त्याच्या कमरेला पांढरी पूड, हे पाहून त्याचा चेहरा उजळला होता. पूड चाखल्यावर तो इतका नाराज झाला की मलाच वाईट वाटलं.

दंडावर सेन्सर आहे. शुगर खाली यायला लागली की खिशातला फोन वाजतो. घरी बायकोच्या फोनवरही वाजायला हवा, पण जंगलात रेंज नसते, त्यामुळे माझी शुगर कितीही खाली गेली तरी घरी शांतता असते.

सेन्सर अलीकडचा. त्याच्याआधी मला दुसरी खूण होती, आणि ती अजून आहे. शुगर उतरायला लागली की मला मागून चपलांचा आवाज येतो.

चपला रबरी आहेत. डावी नीट पडते, उजवी जरा उशिरा, फटकन. असं चालणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो माझा बाप होता.

बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोत बाबू होते. सागाच्या ओंडक्यांवर हातोड्यानं ठोकलेले आकडे वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनाही शुगर होती, पण त्या काळची, म्हणजे सकाळी एक गोळी आणि चहात साखर नाही, एवढीच. निवृत्तीनंतर एका सोमवारी त्यांनी गोळी घेतली आणि उपास धरला. गोळीला उपासाचं कोणी सांगितलं नव्हतं. ते नेहमीप्रमाणे सकाळी फिरायला निघाले आणि गावाबाहेरच्या नाल्यावरच्या पुलावर, कठड्यावर बसले. घाम आला असेल. हात थरथरले असतील. बोलणं जड झालं असेल. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. त्यामुळे इथे सकाळी सकाळी घामाघूम होऊन बरळणाऱ्या माणसाबद्दल कोणालाही दोन मतं नसतात. लोक आले, बघून गेले. दुपारी बाबा कठड्याच्या आतल्या अंगाला आडवे सापडले.

हे मला लोकांनीच सांगितलं. तेरवीच्या जेवणात, पंगतीत, अगदी निरागसपणे. "बाबू बसले होते ना पुलावर. आमाले वाटलं, टाकून राह्यले असतीन." दुसरा म्हणाला, "मले बी तसंच वाटलं. म्हटलं, रिटायर झाला माणूस, आता करन मजा." सांगताना कोणाच्या घशात घास अडकला नाही. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दारूबंदीच्या मोर्च्यात त्यांनी फलकाची एक काठी धरली होती, दुसरी काठी धरणारा घरी जाऊन प्यायचा. त्या दुसऱ्याला पुलावर बसलेलं पाहून सगळ्यांनी उचलून घरी पोचवलं असतं, कारण त्याची सवय होती.

माझा रविवारचा रस्ता त्याच पुलावरून जातो. दुसरा डांबरी रस्ता नाही.

चपलांचं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवून विचारलं, "आवाज उजवीकडून येतो की डावीकडून?" मी म्हटलं, मागून. ते म्हणाले, मेंदूला साखर कमी पडली की तो काहीही ऐकवतो, तुम्ही ताबडतोब गूळ खा. सल्ला बिनतोड होता आणि तो मी पाळत होतो. गूळ तोंडात टाकला की पाचेक मिनिटांत चपला मागे पडायच्या आणि मग थांबायच्या. अडचण एवढीच होती की त्या थांबाव्यात असं मला दर वेळी वाटायचं नाही. बरं राहायचं म्हणजे बापाला घालवून द्यायचं, असा तो दर रविवारचा व्यवहार होता. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण वर्षानुवर्षं एकच भूत ठराविक शुगरला येत असेल, तर त्याच्याशी विश्वासाचा संबंध उरत नाही, ओळखीचा उरतो. मला त्यांना एक विचारायचं होतं. इतकी माणसं जवळून गेली, तुम्ही हाक का नाही मारलीत?

मागच्या चैत्रात तालुक्याच्या एका संस्थेनं माझा सत्कार केला. मधुमेहावर विजय मिळवणारा धावपटू म्हणून. विजय कधी झाला ते मला कळलं नव्हतं, मी तर त्या दिवशीही दोनदा टोचून घेतलं होतं. पाहुणे दोन तास उशिरा आले. सूत्रसंचालकानं तेवढ्या वेळात आरोग्याचं महत्त्व चार वेळा सांगितलं. मग शाल, नारळ आणि पेढा. पेढा पाहुण्यांनी स्वतः माझ्या तोंडात घातला. फोटोवाला म्हणाला, "साहेब, नाई आला, आणखी एकदा." दुसरा पेढा. मग अध्यक्षांनाही वाटलं की आपलाही फोटो हवा. मधुमेहावरच्या माझ्या विजयाप्रीत्यर्थ मी तीन पेढे खाल्ले.

घरी आलो तेव्हा शुगर आभाळाला टेकली होती. मी जास्तीचं इन्सुलिन घेतलं आणि रागानं भात कमी खाल्ला. सकाळी आकडा बरा दिसला. तो बरा नव्हता, खाली येता येता तिथे दिसला होता एवढंच, पण मला निघायची घाई होती.

"खिशात गूळ घेतला का जी?" बायकोनं दारातून विचारलं.

"घेतला."

"घेतला म्हणता, पण खाता का?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

मोहाचे दिवस होते. झाडांखालचा पाला जाळलेला होता आणि काळ्या जमिनीवर फुलं पडत होती. त्या वासात पळताना माणूस न पिताच अर्धा झिंगतो. पूल अजून लांब होता तेव्हा फोन वाजला. आणि लगेच मागून डावी चप्पल पडली, मग जरा उशिरा उजवी.

मी पिशवीला हात लावला आणि काढून घेतला.

त्या दिवशी आवाज रोजच्यापेक्षा जवळ होता. एरवी ते वीसेक पावलं मागे असायचे, त्या दिवशी खांद्यामागे होते. मला वाटलं, पुलापर्यंत जाऊ. पुलावर ते बसतील, मी बसेन, आणि विचारून घेईन. हा विचार मला तेव्हा अतिशय सुसंगत वाटला. शुगर पन्नासच्या खाली गेली की सगळेच विचार सुसंगत वाटतात. फोन पुन्हा वाजला. मी गजर बंद केला.

पुलावर पोचलो तेव्हा पाय माझे नव्हते. कठड्यावर बसलो. चपला शेजारी येऊन थांबल्या. मी वळून पाहिलं तर तिथे कोणी नव्हतं, फक्त कठडा. पण श्वास दोघांचा चालू होता. मी विचारलं. मोठ्यानं विचारलं असणार, कारण तेवढ्यात जाणारी मोटरसायकल हळू झाली.

"सर होय ना बे?"

"सरच होय. कोणाशी बोलून राह्यले?"

"बाटलीशी." दोघं हसले. "कालच त सत्कार झाला. लई जोरात झालेला दिसते."

मला हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि जीभ टाळूला चिकटून राहिली. काहीतरी घरघर निघाली, तिला शब्द म्हणता येणार नाही. मोटरसायकल गेली. पिशवीची चेन माझ्या बोटांना सापडत नव्हती. मी विचारलेल्याचं उत्तर मला मिळालं होतं. बाबा हाक मारत होते. ती अशीच निघत होती.

मग नाल्याकडून टोपल्या घेतलेल्या दोन बाया वर आल्या. एक तरुण, एक म्हातारी. म्हातारीनं टोपली रस्त्यावर ठेवली आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन गा भाऊ, सकाळीच पेलास? अजून त आमी फुलं बी घरी नेली नाई."

तरुण बाई हसली. "चाल ना वो माय. इथी वाघ फिरून राह्यला."

"फिरू दे. याचा वास घेतला त तोच झिंगून पडते." तिनं वाकून माझा वास घेतला. तिला काही सापडलं नसावं, पण त्यानं तिचं मत बदललं नाही. "खाली पोटी पेला हा. पोटात काई पडलं का उतरते. आ कर."

तिनं टोपलीतली मोहाची फुलं उचलली, लुगड्याला पुसली आणि माझ्या तोंडात कोंबली. आदल्या दिवशीच्या पेढ्यांपेक्षा जास्त दांडगाईनं, आणि फोटोवाला नसताना. ताजं मोहफूल रसाळ असतं, दाताखाली फुटलं की गोड पाणी घशात उतरतं. "चाव," ती म्हणाली. मी चावलं. ती आणखी फुलं देत गेली, मी चावत गेलो. हात हळूहळू माझे झाले. चेन उघडली, ग्लुकोज तोंडात ओतलं.

"हे काय होय गा? युरिया?"

"ग्लुकोज." माझा पहिला शब्द. "बाई, मी पिलो नाही. मला शुगर आहे."

"सारेच काई ना काई सांगतेत," ती म्हणाली.

शेजारचा श्वास कमी होत होता. मग चपला उठल्या. डावी, आणि जरा उशिरा उजवी, पुलावरून गावाच्या दिशेनं. मी त्या बाजूला बघत राहिलो. तोंड फुलांनी भरलेलं होतं, हाक मारता आली नसती, आणि मारूनही काय सांगणार होतो. म्हातारीही त्या बाजूला बघायला लागली.

"कोण होय तिकडं?"

"कोणी नाही."

"मंग काऊन पाहून राह्यला?"

मी विषय बदलला. विचारलं, तुम्ही थांबलात का? मला कदाचित काहीतरी थोर ऐकायचं होतं. एक दिवस आधीच मी दोन तास थोर शब्द ऐकले होते, सवय लागली असावी.

"थांबू नोको त काय?" ती टोपली उचलत म्हणाली. "तू खाली नाल्यात पडला असता त पोलीस आमालेच इचारतेत ना. झाड आमचं, नाल्यात मुडदा कोणाचा, कोणी पाजली. कोण त्यायच्या मांगं फिरन?" आणि जाता जाता, "घरी जाय सरळ. बायको मारन तरी जाय."

बायकोनं मारलं नाही. तिनं फोन हातात घेऊन आकडे पाहिले, बंद केलेला गजर पाहिला आणि मला विचारलं, "हे कोणासाठी?" मी सांगितलं. तिनं फोन माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, "त्याईले भेटाले जायचं होतं त जेवून जाव ना. त्याईनं तेवढंच नोतं केलं."

आता फोन वाजला की मी खातो. पुलावर पोचतो तेव्हा शुगर ठीक असते आणि मागे फक्त माझ्याच बुटांचा आवाज असतो. मोटरसायकलवरच्या दोघांपैकी एक परवा टपरीवर भेटला. त्यानं अदबीनं नमस्कार केला आणि विचारलं, "काऊन सर, मांगं वाघ लागला का?" मी म्हटलं, "कोणीच नाही लागलं." तो हसला. मला हसू आलं नाही.

सेन्सर चांगला आहे, पण रक्ताच्या थोडा मागे चालतो. त्यामुळे कधी कधी फोन वाजण्याआधी मिनिटभर चपला येतात. त्या मिनिटात मी वळून पाहत नाही. गुळाचा खडा तोंडात टाकतो, चावायला लागतो, आणि ते मागे राहतात.