बर्था आंटीची स्कोअरशीट

बर्था तुस्कानोला खोटं बोलता येत नव्हतं, असं कुणी समजू नये. नको असलेले पाहुणे फोन करायला लागले की ती खुशाल सांगायची, "अगं बाई, आम्ही अबुधाबीला निघालोय, लिफ्टमध्येच आहोत." आणि दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या अकराव्या मजल्यावरच्या सोफ्यावर पाय पसरून चहा प्यायची. नवरा कॅस्मिर हसायचा, मुलगी ऑड्री "ममा, दॅट इज सो बॅड" म्हणायची, आणि बर्था दोघांनाही बिस्किटं द्यायची.

पण स्कोअरशीटवर? छे! तिथे बाई पार बदलून जायची.

ही वसईच्या गास गावातली. कॉलेजात असताना ठाणे जिल्ह्याकडून सॉफ्टबॉल खेळलेली, तेही कॅचर म्हणून. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी. लग्न झालं, कॅस्मिरला दुबईत हॉटेलच्या बँक्वेटमध्ये नोकरी लागली, ही मागोमाग आली आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत ॲडमिन म्हणून चिकटली ती बावीस वर्षं. खेळ सुटला. मग इथे कंपन्यांच्या टीमा काढून बेसबॉलची लीग सुरू झाली, कुणालाच स्कोअर लिहिता येईना, तेव्हा कुणीतरी हिचं नाव सुचवलं. बारा वर्षं झाली त्याला. मैदानावर सगळे तिला आंटी म्हणतात. मॅनेजरसुद्धा, नडलं की.

आता बेसबॉलमध्ये स्कोअर लिहिणं म्हणजे नुसत्या रेघा ओढणं नव्हे, बरं का. क्रिकेटच्या स्कोअररला असं काही ठरवावं लागत नाही, इथे लागतं. बॅटरने चेंडू मारला, फील्डरच्या हातून तो सुटला. मग तो चेंडू अडायलाच हवा होता का? हवा होता, तर ती फील्डरची चूक. शीटवर त्याच्या नंबरापुढे एरर लागते, आणि त्यावर आलेले रन पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, माथी बसत नाहीत. कुणालाच अडला नसता असा चेंडू असेल, तर ती हिट. मग रन पिचरचे. हे ठरवणार कोण? स्कोअरर. एकटी. खेळाडू तिच्या टेबलाभोवती घुटमळायचे, कॉफी आणून द्यायचे, "आंटी, जरा बघा ना" करायचे. बर्था कॉफी प्यायची आणि जे दिसलं तेच लिहायची.

नोव्हेंबरात सीझन सुरू होतो. त्याआधी ऑक्टोबरात तीन आठवड्यांचं शिबिर, नऊ सराव सामने, आणि त्यावरून बत्तीसातले वीस निवडायचे. यंदा प्रथमच टीमवाल्यांनी निवडलेल्यांना पगारी करार आणि व्हिसा देऊ केला होता. चार हजार दिरहॅम, म्हणजे जवळजवळ लाख रुपये महिना. त्यामुळे सरावाच्या सामन्यातही माणसं जिवावर उदार होऊन मातीत उड्या घेत होती. ऊन अडतीसच्या खाली उतरायचं नाव घेत नव्हतं.

या बत्तिसांत एक अन्वर होता. जळगावचा. जळगावात सॉफ्टबॉल-बेसबॉलचं वेड आहे, हे बर्थाला माहीत होतं. तरुणपणी ती तिथल्या मुलींकडून सपाटून हरली होती. अन्वर एकोणतीस वर्षांचा, खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर मोजायच्या कामाला होता. शिबिरासाठी तीन आठवड्यांची रजा मागितली, सुपरवायझरने नाही म्हटलं, याने नोकरीच सोडली. पहिल्याच दिवशी टेबलाजवळ येऊन म्हणाला, "आंटी, तुम्ही मराठी ना? मग झालं! निम्मं काम झालं माझं."

"माझ्याकडून काही होणार नाही रे बाबा," बर्था म्हणाली. "तू चेंडू टाक. मी लिहिते."

"तेच म्हणतो मी. तुम्ही खरं लिहिता म्हणे. मला तेच पाहिजे."

अशा माणसाला काय बोलणार! तिला तो आवडला. घरी गेल्यावर तिने कॅस्मिरला सांगितलंही, जळगावचा एक पोरगा आलाय, बोलायला चावट आहे पण हात चांगला आहे.

आणि मग हा चांगला हात रोज मार खायला लागला. पहिल्या पाच सामन्यांत एकोणीस रन! बर्थाला कळेना. तिसऱ्या सामन्यातच तिच्या लक्षात आलं होतं, पठ्ठ्या वेगाचा चेंडू टाकतच नव्हता. सगळे हळू. बॅटरना दोन सामन्यांत ते पाठ झालं होतं आणि ते उभे राहून वाट बघत होते.

"अरे, डोकं फिरलंय का तुझं?" तिने विचारलं.

"डीन सरांनी सांगितलंय," अन्वर म्हणाला. "पहिले आठ सामने फक्त स्लो बॉल टाकायचा. तो हातात बसला पाहिजे. मार पडू दे, सरावाचा हिशेब कोण ठेवतंय, म्हणाले."

हिशेब बर्था ठेवत होती. पण डीनचं काही चुकलं नव्हतं. डीन हा पिचरांचा कोच, बांद्र्याचा, जाणता माणूस. सीझनआधी पिचर एखाद्या नव्या तऱ्हेचा चेंडू घोटून घेतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्या दिवसांतल्या आकड्यांवर जाणारा माणूस शहाणा म्हणता येत नाही. फक्त डीनने हे दुसऱ्या कुणाला सांगून ठेवायला हवं होतं. ते राहिलं, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डीनला बहारीनमध्ये मोठी नोकरी मिळाली. दोन दिवसांत गेलासुद्धा. यल्ला, बाय बाय!

मागे उरला मॅनेजर क्रिस्टोफर. अबुधाबीच्या बँकेत वीस वर्षं काढलेला, सभ्य, गोड बोलणारा, आणि कागदाबाहेर जग असतं यावर काडीचा विश्वास नसलेला. बर्था त्याच्याकडे गेली. सगळं सांगितलं.

"आय हिअर यू, बर्था," तो म्हणाला. "पण डीनने असं कुठे लिहून दिलंय? मेल? मेसेज? काहीतरी?"

"तोंडी सांगितलंय. मी फोन लावून देते."

"त्याला मला मेल करू दे. सिंपल."

बर्थाने डीनला फोन लावला. पहिल्यांदा उचलला. "हो आंटी, माझ्याच सांगण्यावरून. बिचारा! आज करतो मेल, इन्शाल्ला." दुसऱ्या दिवशी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, नव्या जॉबमध्ये अडकलोय, वीकएंडला नक्की. वीकएंड आला आणि गेला. बर्थाने बहारीनला चार फोन लावले, व्हॉइस नोट टाकल्या, एकदा तर मराठीतून चांगली हजेरीही घेतली. दोन निळ्या टिका दिसल्या, बाकी काही नाही. मेली ती टिकसुद्धा चीड आणते. कळलंय, पण करणार नाही, असंच सांगते ती.

बाई पुन्हा क्रिस्टोफरपुढे उभी राहिली. या वेळी तो जरा पाघळल्यासारखा दिसला.

"बरं, असं करू," तो म्हणाला. "शेवटच्या मॅचमध्ये त्याला तीन इनिंग देतो. क्लीन गेला, एकही रन नाही, तर बघू."

"नक्की?"

"बघू म्हटलं ना."

बर्थाला तेवढंच पुरलं. बुडत्या माणसाला काय लागतं? आणि बुडत तर अन्वर होता. जुनी नोकरी गेली होती, जुना व्हिसा कॅन्सल व्हायला बारा दिवस उरले होते, जळगावला बायकोला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की टीममध्ये नंबर लागल्यातच जमा आहे. हा शेवटचा शहाणपणा कुणी सांगितला होता त्याला, कुणास ठाऊक.

शेवटचा सामना शनिवारी संध्याकाळी होता. अन्वरने सामन्यात पहिल्यांदाच वेगाचा चेंडू काढला, आणि त्याच्या आड तो घोटलेला हळू चेंडू असा काही मिसळला की बॅटर हवेत बॅट फिरवत राहिले. पहिली इनिंग साफ. दुसरी साफ. बर्थाच्या हाताला घाम सुटला, तो कागदाला लागू नये म्हणून ती रुमाल धरून लिहीत होती. बारा वर्षांत तिने कुणाची बाजू घेतली नव्हती. त्या संध्याकाळी घेतली. मनातल्या मनात, पण घेतली.

तिसऱ्या इनिंगमध्ये दोन आऊट झाले आणि दोन गडी बेसवर चढले, दुसऱ्या आणि तिसऱ्या. एक आऊट पाहिजे होता. फक्त एक. बॅटरने सणसणीत मारला, जमिनीलगत, शॉर्टस्टॉपच्या अंगावर.

शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर, अक्रम होता. फैसलाबादचा, सव्वीस वर्षांचा, शिबिरातला सगळ्यांत नेमका फील्डर. आठ सामन्यांत एकही चूक नाही. तो बरोबर जागी आला, वाकला, ग्लोव्ह खाली नेला. आणि गवत संपून माती सुरू होते त्या कडेवर चेंडू उसळला. थेट खांद्यापर्यंत. अक्रमने तशातही हात वर नेला, चेंडू ग्लोव्हच्या टोकाला चाटून मागे गेला. बेसवरचे दोघंही होम बेसवर पोचले. दोन रन.

हिट होती ती. बर्थाला क्षणभरही शंका आली नाही. जगातला कुठलाही फील्डर तो चेंडू अडवू शकला नसता.

हिट लिहिली तर दोन रन अन्वरच्या नावावर, आणि खलास. एरर लिहिली तर अन्वर साफ. अक्रमला काय, एक एरर! आठ सामने कोरे आहेत त्याचे, तो तर घेतल्यातच जमा. एका एररने त्याचं काय बिघडतंय? असं तिने मनाशी जुळवलं, आणि अक्रमच्या सहा नंबरापुढे एरर लिहिली. मग पुढच्या बॅटरला अन्वरने आऊट केलं.

सामना संपल्यावर अन्वर टेबलाशी आला. शीट उलटी असली तरी त्याला वाचता येत होती.

"आंटी," तो हळूच म्हणाला, "ते माझं होतं ना?"

"गप बस. पाणी पी."

तो पाणी प्यायला. बाटली ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि गेला. खरं लिहिणारी बाई पाहिजे म्हणाला होता ना, त्याला आता काय वाटलं असेल, या विचाराने बर्था घरी जेवली नाही. कॅस्मिरने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. ऑड्री म्हणाली, "ममा, इट्स ओन्ली प्रॅक्टिस." ओन्ली प्रॅक्टिस! बर्थाला रडू यायचं राहिलं होतं तेवढं आलं.

सोमवारी यादी लागली. वीस नावं. बर्थाने वरून खाली वाचली, मग खालून वर. अन्वर नव्हता.

अक्रमही नव्हता.

ती तडक क्रिस्टोफरच्या केबिनमध्ये घुसली. "तो क्लीन गेला होता! तीन इनिंग! तुम्ही म्हणाला होतात."

"हो, छान टाकला," क्रिस्टोफर म्हणाला. "पण पिचरांचं आपण शीटवरून केलंच नाही, बर्था. स्पीड गनवरून केलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पूर्ण जोर लावून टाकायला सांगितलं होतं तेव्हा. पंच्याऐंशी मैल कटऑफ. त्याचा ब्याऐंशी. ते त्याच दिवशी ठरलं होतं."

"दुसऱ्या दिवशी? मग तीन आठवडे त्याला कशाला ठेवलंत?"

"सामने खेळायला पिचर लागतात ना," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "बॅटरना सराव नको?"

बर्थाने विचारलं, "आणि अक्रम?"

"तो कठीण कॉल होता. दोन शॉर्टस्टॉप, जागा एक. दोघंही अगदी बरोबरीचे. शेवटी तुझ्याच शीटवर गेलो. याची एक एरर, त्याची एकही नाही. फील्डरांच्या बाबतीत तुझ्याएवढं भरवशाचं आपल्याकडे दुसरं काही नाही."

"ती एरर नव्हती." ती म्हणाली. "हिट होती. मी चुकीचं लिहिलं. मुद्दाम लिहिलं. बदला ते, मी सही करते."

क्रिस्टोफरने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बर्था, तुला पोरांचं फार लागतं. मला माहीत आहे. पण शीट हेड ऑफिसला गेली, करारांवर सकाळी सह्या झाल्या. आणि तू म्हणालीस मुद्दाम लिहिलं, तर कोण मानेल? तू?"

किती वेळा तेच तेच सांगणार! तिने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. त्याने तिच्यासाठी चहा मागवला. बारा वर्षांच्या खरेपणाची ही फळं, की एकदा खोटं लिहिलं तर ते खोटं आहे यावरच कुणी विश्वास ठेवेना.

बाहेर गेटपाशी बसच्या थांब्यावर अक्रम बॅग घेऊन उभा होता. तिला बघून त्याने बॅग खाली ठेवली आणि सलाम केला. बर्थाने ठरवलंच होतं. ती सरळ त्याच्यासमोर गेली.

"अक्रम, सुनो. वो एरर नहीं थी. हिट थी. मैंने जानबूझकर गलत लिखा, अन्वर के लिए. तुम्हारी कोई गलती नहीं थी."

अक्रम ऐकत राहिला. मग हसला. त्या हसण्यात राग नव्हता, तेच तिला सोसेना.

"आंटी, आप दिल रखने के लिए बोल रही हैं," तो म्हणाला. "सब बोलते हैं आप कभी गलत नहीं लिखतीं. मैंने दो रात सोचा. मेरा ग्लव्ह एक सेकंड लेट था. यूँ नीचे था, यूँ होना चाहिए था."

आणि तो तिथेच, थांब्यावरच्या तापलेल्या फरशीवर, गुडघ्यात वाकला आणि हात कुठे न्यायला हवा होता ते तिला करून दाखवायला लागला. एकदा. मग पुन्हा एकदा.

"नहीं बेटा," बर्था रडत म्हणत होती, "नहीं, नहीं."

"देखिए ना आंटी," तो वाकलेलाच म्हणाला, "अब ठीक है?"