लाभ, दोन, तीन

आमच्या साडूंनी हात लावल्यावर बंद पडलं नाही असं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही, आणि यंत्र बंद पडलं म्हणून त्यांचा वर्ग बंद पडलेलाही पाहिलेला नाही. साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. घर मूळचं फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याचं, नोकरी चितेगावच्या एका कारखान्यात, आणि ती संपल्यावर एकदम व्यायामशिक्षक. गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते रोज सकाळी गाण्याच्या तालावर आमच्याकडून व्यायाम करून घेतात. आमच्यात बँकवाले आहेत, गुडघे धरून बसलेल्या बायका आहेत, एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत आणि बायकोने घराबाहेर काढला म्हणून आलेला मीही आहे.

सगळ्यांचा एकेक पाय हवेत असतानाच बंद पडायचं, ही त्यांच्या स्पीकरची जुनी खोड. दुसरा कुणी असता तर वायरी चाचपत बसला असता. साडू स्पीकरच्या पाठीवर दोन थापा मारतात, तिसरी स्वतःच्या मांडीवर मारतात आणि ताल तिथूनच पुढं चालू. "रुसला व्हय? रुसू द्या. तुमचे पाय रुसले का? नाय ना? मग उचला की!" आणि मोजणी सुरू होते. साडूंच्या मोजणीत एक हा आकडाच नाही. "लाभ... दोन... तीन... चार!" खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यांच्या वडिलांनी जन्मभर ज्वारी तशीच मापली, साडू आम्हाला तसंच मापतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एक म्हनलं की एकच ऱ्हातं, पाव्हणं. लाभ म्हनलं की रास वाढती." उठाबशांची रास वाढावी अशी आमच्यापैकी कुणाचीच इच्छा नव्हती, पण सांगणार कोण?

चढउतार करायला त्यांनी प्लास्टिकचे ठोकळे आणवले होते. ते पहिल्याच आठवड्यात बँकवाल्यांच्या पायाखाली तडकले. साडू तसेच खाली गेले आणि कार्यालयाच्या कोठीतून पंगतीचे पाट घेऊन आले. मास्तरीणबाई अडून बसल्या. "जेवायच्या पाटाला पाय कसा लावायचा हो?" साडूंनी वाद घातला नाही. आधी पाटाला वाकून नमस्कार, मग पाय, असा नियम केला आणि वर म्हणाले, "कंबरेचं काम बी उरकलं." तो नमस्कार आम्ही आजही करतो.

माईकची तऱ्हा वेगळीच. तो एक तर मुका असायचा, नाहीतर बोलायचा भलतीकडे. एकदा खाली साखरपुडा होता आणि कार्यालयाच्या माईकशी आमच्या माईकचं काय सूत जुळलं कोण जाणे. आम्ही वर काहीच ऐकू येत नाही म्हणून ओरडत होतो आणि खाली भर मांडवात साडूंचा आवाज घुमत होता, "बसा! उठा! अजून खाली! लाजू नका!" मुलाकडची म्हातारी माणसं दोनदा बसली आणि दोनदा उठली म्हणे. मुलीचे वडील तणतणत वर आले. साडू माफी मागायला म्हणून त्यांच्याबरोबर खाली गेले ते जिलबी खाऊन, दोन्ही व्याह्यांना वर्गात यायचं आमंत्रण देऊन परत आले.

त्यानंतर माईक कायमचा गेला. साडू म्हणाले, "आपला गळा हाय की. त्याला कुठं वायर लागती?" आणि ते महिनोन्महिने स्पीकरच्या वर आवाज चढवत राहिले. आवाज बसला, मग घोगरा झाला. आम्ही चेष्टा करत होतो. एके दिवशी आवाज फुटेचना, तेव्हा मेव्हणीने त्यांना दवाखान्यात नेलं. गळ्यात गाठ निघाली. साधीच होती, काढली. पण डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आणि आवाज पुन्हा हॉलभर पोचेल याची आशा धरू नका म्हणून सांगितलं. मुका माणूस वर्ग काय घेणार? मेव्हणीने हॉल सोडायचं ठरवलं आणि साडूंनी होकारार्थी मान हलवली. स्पीकरपुढं, माईकपुढं, ठोकळ्यांपुढं कधी न हरलेला माणूस अशी मान हलवताना बघून मला कसंतरीच झालं.

वर्ग बंद झाल्याचं सांगायचं काम माझ्यावर आलं. मी नवा माईक घेऊन गेलो आणि तो पहिल्याच झटक्यात सुरू झाला, याचा मला राग आला. साडू नेहमीच्या जागी, सगळ्यांसमोर उभे होते. गळ्याला मफलर. मी "मंडळी, आजपासून आपला वर्ग" इथपर्यंत आलो आणि साडूंनी मला थांबवायला एक बोट वर केलं. जरा दम धरा, एवढंच त्यांना म्हणायचं असावं. पण मास्तरीणबाईंनी ते बोट पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "लाभ!"

मागून सगळा हॉल म्हणाला, "लाभ!" आणि सगळ्यांचे पाय उचलले गेले.

साडू आपल्या बोटाकडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी दुसरं बोट वर केलं. "दोन!" तिसऱ्या बोटाला त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी माईक बंद केला, पाटावर ठेवला आणि माझ्या रांगेत जाऊन उभा राहिलो. राहिलेलं वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही.

साडूंचा आवाज पुढं थोडा परत आला. घरात चहा मागण्यापुरता पुरतो, हॉलला पुरत नाही. रोज सकाळी ते समोर उभे राहतात आणि बोटं दाखवतात, आम्ही मोजतो. दहा बोटं संपली की मुठी मिटतात, जरा थांबतात आणि पुन्हा एक बोट वर करतात. आम्ही पुन्हा लाभ म्हणतो.