निंबा पेंटरचे एकशे एकावन्न गणपती

धुळ्यातल्या आग्रा रोडवर ऐंशीच्या दशकात जितक्या दुकानांच्या पाट्या होत्या, त्यातल्या निम्म्या तरी निंबा बडगुजरने रंगवलेल्या. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेही गणितात काठावर. पण हात असा की फूटपट्टी न लावता दहा फुटी पाटीवर ‘किराणा व भुसार’ सरळ रेषेत उतरायचं.

१९८८ साली एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आला आणि पाटीवर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द वाढवायला मालकाने निंबाला बोलावलं. रंग वाळेपर्यंत निंबा आत जाऊन बसला. काळ्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांनी एक गोल तयार होताना त्याने पाहिला आणि ब्रश धुवायचाच विसरला. मालकाने मजुरी पुढे केली तर म्हणाला, “ती राहू द्या. मला रोज सकाळी दोन तास या मशीनवर बसू द्या.”

सहा महिने बसला. मग वर्षभर. मुंबईहून येणारी जुनी इंग्रजी मासिकं रद्दीतून उचलायची, शब्दकोश मांडीवर घ्यायचा आणि त्यातले प्रोग्रॅम ओळीओळीने टाइप करून पाहायचे. १९९१ मध्ये त्याने जुना कॉम्प्युटर घरीच आणला. बायको कुंदाबाई मुलींच्या शाळेत कारकून होती. ती एवढंच म्हणाली, “देवघराच्या बाजूला ठेवा. तिथे पंखा आहे.”

तीन वर्षांत निंबाने एक प्रोग्रॅम तयार केला: लग्नपत्रिकेचा. छापखानेवाल्याने नावं, मुहूर्त, स्थळ भरायचं, हवा तो गणपती निवडायचा, की पत्रिका तयार. गणपती सगळे निंबाच्या हातचे. उजव्या सोंडेचे, डाव्या सोंडेचे, मोदक घेतलेले, झोपाळ्यावर बसलेले, एकशे एकावन्न. एक चित्र साध्या पद्धतीने साठवलं तर अडतीस हजार बाइट जागा खायचं आणि सगळे मिळून चार-पाच फ्लॉप्या लागल्या असत्या. निंबाने ते सगळे एकाच फ्लॉपीत बसवले होते. त्यासाठी वापरलेली रीत त्याला एका मासिकात सापडली होती. चित्रात तोच तुकडा पुन्हा आला की त्याला क्रमांक द्यायचा आणि पुढे तुकड्याच्या जागी नुसता क्रमांक लिहायचा. जगभरची चित्रं तेव्हा याच रीतीने आवळली जात होती.

शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, चोपडा, सगळीकडच्या छापखान्यांत ती फ्लॉपी पोचली. जळगावात कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारे बन्सीलाल कोठारी यांनीही ती पाहिली आणि तडक एसटीने धुळ्याला आले.

“निंबाभाऊ, माझा मेहुणा अमेरिकेत राहतो,” ते दारातूनच म्हणाले. “तिथे आपल्या लोकांची लग्नं होतात, पत्रिकेवर गणपती मात्र मिळत नाही. मेहुणा जानेवारीत येतोय, बारा फेब्रुवारीला परत जाईल. पाचशे फ्लॉप्या बरोबर देऊ!”

निंबाला बसवेना. त्याने त्याच संध्याकाळी फ्लॉपीवर चिकटवायच्या लेबलाचं चित्र काढलं. बन्सीलालांनी ते जळगावात छापूनही घेतलं: ‘एकशे एकावन्न गणपती, एका फ्लॉपीत’.

आणि १९९५ च्या जानेवारीत, मेहुणा आल्याच्या तिसऱ्या दिवशी, बन्सीलालांचा शेजाऱ्यांच्या फोनवर फोन आला. आवाज उतरलेला. मेहुण्याने बरोबर एक बातमी आणली होती. ती चित्रं आवळायची रीत अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या पेटंटमध्ये होती. इतकी वर्षं लोक बिनधास्त वापरत होते आणि आता कंपनीने जाहीर केलं होतं की असे प्रोग्रॅम विकणाऱ्यांनी परवाना घ्यावा. तिकडचे प्रोग्रॅमवाले खवळले होते. कोणी परवाने घेत होते, कोणी आपल्या प्रोग्रॅममधून ती चित्रंच काढून टाकत होते.

“पण शेठ, गणपती माझे आहेत!” निंबा म्हणाला.

“गणपती तुमचे, भाऊ. त्यांना घडी घालायची रीत त्यांची.”

निंबा घरी आला तो लालेलाल होऊन. घरात दोघं अहिराणीच बोलत. “कुंदा, मोजानं बी पेटंट राहस का? उद्या पाढासले बी कुलूप लावतीन!”

कुंदाबाईने सगळं ऐकून घेतलं. पेटंट अमेरिकेचं, तर धुळ्यात ते लागू होतं का, हा तिचा पहिला प्रश्न. नव्हतं. इथल्या छापखान्यांना काहीच अडचण नव्हती. अडचण फक्त त्या पाचशे फ्लॉप्यांची.

“मग ऱ्हाऊ द्या ना अमेरिका,” ती म्हणाली.

“नही! मी दुसरी रीत काढस.”

बारा फेब्रुवारीला अठरा दिवस उरले होते. निंबाने त्या अठरा दिवसांत एकही पाटी रंगवायला घेतली नाही. पहिली रीत त्याला सहज सुचली: सलग पांढरे ठिपके किती, मग सलग काळे किती, एवढंच मोजून लिहायचं. चार दिवसांत ती चालूही झाली. पण एक गणपती साडेचौदा हजार बाइटच्या खाली येईना. म्हणजे दोन फ्लॉप्या! लेबलवर छापलेलं खोटं ठरणार. त्याने ठिपक्यांचे गट बदलून पाहिले, चित्र आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. आठवा दिवस गेला, नववा गेला. लोड शेडिंगमध्ये कॉम्प्युटर बंद पडला की तो आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने ठिपके मोजायचा.

दहावा दिवस रविवार होता. कुंदाबाई शेंगा सोलता सोलता त्याच्या कागदाकडे पाहत होती.

“तुम्ही एवढं काय मोजी राहिनात?”

“हाई एक ओळ. मंग दुसरी, मंग तिसरी.”

तिने कागद ओढून घेतला. गणपतीच्या पोटाचा भाग होता. एका ओळीतली काळी रेघ पुढच्या ओळीत जवळजवळ त्याच जागी, फार तर एक ठिपका सरकलेली. “दखा, हाई बठ्ठं वरनासारखंच शे,” ती म्हणाली. “मंग पुन्हा पुन्हा काय लिखतस? आमना रजिस्टरमा असं कोनी लिखत नही. गाव तेच, तालुका तोच, जिल्हा तोच, तर खाले दोन टिंबं. बदल व्हयना तरच लिखानं.”

निंबाने कागद हिसकावून घेतला आणि शेंगांची टोपली लाथेने उडाली तरी त्याला कळलं नाही. वीज यायला पाऊण तास होता. तो पाऊण तास तो ओट्यावर येरझाऱ्या घालत स्वतःशीच बोलत होता. प्रत्येक ओळीची वरच्या ओळीशी तुलना करायची. सारखं असेल तिथे कोरं, बदल असेल तिथे ठिपका. मग गणपती उरतोच किती? कडेकडेचे चार ठिपके! आणि मधली कोरी जागा तर मोजूनच लिहायची!

पंखा फिरला तसा तो धावला. दुपारपर्यंत तीन वेळा चुकलं. एकदा गणपतीची सोंड कानात गेली, एकदा सगळाच गणपती तिरका होऊन पडद्याबाहेर निघाला. चौथ्या वेळी पडद्यावर स्वच्छ गणपती आला आणि खाली आकडा: सहा हजार नऊशे.

“कुंदा! सात हजारना आत! सात हजारना आत!” तो इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या धुरपदाबाई काय झालं म्हणून धावत आल्या. पेटंटवाल्या रीतीने तोच गणपती आठ हजार दोनशेचा होत होता. धुरपदाबाईंना यातलं काही समजलं नाही, पण त्या दोघांना हसताना पाहून त्याही हसत सुटल्या.

दोन दिवसांत निंबा सगळे गणपती घेऊन जळगावला हजर झाला. बन्सीलाल खूश झाले, तरी त्यांच्या मनात शंका होतीच. “हीसुद्धा कोणाच्या तरी पेटंटात निघाली तर?” मेहुण्याने तिकडच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, फॅक्सची मशीनं कधीपासूनच वरच्या ओळीशी तुलना करून पानं पाठवतात. ही जुनी गोष्ट आहे, भीती फारशी दिसत नाही. पण लेखी हमी कोणीच देणार नाही.

निंबाला हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. उलट तो टेबलावर हात आपटून म्हणाला, “म्हणजे फॅक्सवाल्यांनाही हेच सुचलं! बघा शेठ, आमची कुंदा!”

मग त्याने एक अट घातली. प्रत्येक फ्लॉपीबरोबर एक कागद जाईल आणि त्यावर ही रीत पूर्ण लिहिलेली असेल.

“रीत छापलीत तर उद्या कोणीही करेल,” बन्सीलाल म्हणाले.

“करू द्या ना! मलाही मासिकातूनच मिळालं सगळं. फक्त उद्या कोणी म्हणायला नको की ही माझी, तुम्ही हात लावू नका.”

बन्सीलाल खूप कुरकुरले, पण तारीख जवळ आली होती. कागद छापला गेला. तळाशी निंबाने नाव घातलं, ‘कुंदाबाई बडगुजर, कनिष्ठ लिपिक’. बारा फेब्रुवारीला मेहुणा पाचशे फ्लॉप्या दोन खोक्यांत घालून निघाला आणि निंबा रेल्वे फलाटावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. पुढे वर्षभरात त्यातल्या सव्वातीनशे खपल्या. बाकीच्यांचं काय झालं ते मेहुण्याने कधी नीट सांगितलं नाही.

निंबाला त्याची फिकीर नव्हती. त्याच्या लक्षात भलतंच आलं होतं. नवी रीत इतकी साधी होती की जुन्या कॉम्प्युटरवरही गणपती पूर्वीच्या निम्म्या वेळात उघडत होता. मार्च उजाडायच्या आत तो आणि कुंदाबाई नव्या फ्लॉप्या पिशवीत घालून छापखानेवाल्यांकडे निघाले. शिंदखेड्याला सुपडू आबांच्या छापखान्यात लग्नसराईची गर्दी होती. आबांनी एक कळ दाबली आणि गणपती पटकन समोर उभा राहिला. आबा दचकून मागे सरले, चष्मा पुसला, पुन्हा कळ दाबली, पुन्हा दाबली. फ्लॉपीत आता जागाही उरलीय हे निंबाने सांगितलं, तसं पत्रिका घ्यायला आलेल्या वरबापाला बाजूला सारून त्यांनी निंबाला खुर्चीवर बसवलं.

“निंबा, आते एवढी जागा उरनी ना?” ते म्हणाले. “मंग माले एक घोडावरना नवरदेव काढी दे. आत्तेच काढ.”

निंबाने बाह्या सरसावल्या. कुंदाबाईने पिशवीतून आलेखाचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.