पाणी आलं, वर जा

नवऱ्याच्या त्या पाणबुडीच्या गेमची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटायची आणि ते मी त्याला तोंडावर सांगायचे. तो हसायचा. "अगं, खेळ आहे तो! त्याला काय घाबरायचं?" खेळ कसला, मेलं नुसतं मरण होतं ते. गोष्ट पुढच्या कुठल्यातरी शतकातली. जमीन सगळी बुडालेली, माणसं समुद्राच्या तळाशी काचेच्या घुमटांत राहतात आणि हा त्यांचा कप्तान, काळोखात पाणबुडी घेऊन शत्रूला शोधत फिरतोय. स्क्रीनवर काळपट हिरवं पाणी आणि हेडफोनमधून बाहेर झिरपणारं ते 'टुंग... टुंग'. आवाज पाण्यातून जातो, कशावर तरी आपटून परत येतो, त्यावरून पुढे काय आहे ते ओळखायचं, असं तो मला मन लावून समजवायचा. मला एवढंच कळायचं, की टुंग टुंग जवळ यायला लागलं की आता काहीतरी फुटणार आणि बोटीत पाणी घुसणार. मी सोलापूरकडची. मला पोहता येत नाही आणि आमच्याकडे पाणी हंड्यात मावतं.

आता गंमत बघा. चेन्नईत आमचं बैठं घर पट्टिनपाक्कमच्या बाजूला, समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत होतं. त्याचं ऑफिस नुंगंबाक्कमला, पण इकडे भाडं परवडायचं म्हणून इथे. खिडकीतून खारा वारा यायचा आणि नळाला थेंब नसायचा. त्या काळात सगळं शहरच लॉरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या टँकरच्या, पाण्यावर जगत होतं. लॉरी गल्लीत वळली की बायका ओरडायच्या, "तण्णी वरुदु!" म्हणजे पाणी येतंय. प्लास्टिकच्या रंगीत घागरी घेऊन जो तो धावायचा. लॉरीवाला आमच्या अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत पाणी सोडायचा. मग मी मोटरच्या बटणापाशी उभी राहायचे आणि नवऱ्याने गच्चीवर जायचं. तिथे काळी प्लास्टिकची टाकी होती. ती बाहेरून ठोकत बसायचं. रिकामी असली तर टुंग वाजते, भरत आली की आवाज बद्द होतो. बद्द झाला की तो वरून ओरडायचा आणि मी मोटर बंद करायचे.

पण साहेब हेडफोन लावून समुद्राच्या तळाशी! हाका मारून माझा घसा बसायचा. शेवटी मी अंगणातूनच त्याला मोबाइलवर फोन करायला लागले. फोन यायच्या आधी त्याच्या हेडफोनमध्ये घरघर व्हायची. "शत्रूचा फोन आला," असं म्हणायचा मेला. मी एवढंच बोलायचे, "पाणी आलं, वर जा." तो निमूट उठायचा. तीन वर्षांची लेक जागी असली तर तिला कडेवर घ्यायचा, कारण टाकी ठोकायला तिला फार आवडायचं. त्याने तिला सांगून ठेवलं होतं, की ही टाकी म्हणजे आपली पाणबुडी. ती झोपलेली असली तर तिला तशीच ठेवून एकटा वर जायचा. मी खालीच असायचे, तेव्हा काळजी नसायची.

नाताळनंतरचा तो रविवार. सकाळी सकाळी फळीवरची भांडी खुळखुळली. मी चहा गाळत होते. डोकंच फिरलं माझं. "अरे, तो आवाज कमी कर! पोरगी उठेल!" तो म्हणाला, "माझ्या कानात हेडफोन आहेत, बाई." भांडी परत गप्प झाली आणि मीही जास्त विचार केला नाही. लेक गादीवर गाढ झोपली होती. मी त्याला बजावलं, "मी भाजी घेऊन येते. फोन गप्प करून ठेवू नकोस, मागच्या रविवारी उचलला नव्हतास." मी स्वतः त्याच्या फोनचा आवाज मोठा केला आणि मैलापूरला गेले.

परत येताना मी रिक्षात होते. घर दोन वळणांवर राहिलं असेल, तेवढ्यात समोरून माणसं पळत यायला लागली. बायका, म्हातारे, काखेत पोरं घेतलेले बाप. "तण्णी वरुदु! तण्णी वरुदु!" आणि मला काय वाटलं? लॉरी आली! अंगणातल्या टाकीचं झाकण लावलेलं, आपला नंबर जाणार, म्हणून मी चरफडले. रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली आणि समुद्राकडे हात करून म्हणाला, "कडल, अम्मा, कडल!" कडल म्हणजे समुद्र. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पळणाऱ्या एकाच्याही हातात घागर नाही.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. माझ्या तोंडातून शब्द फुटेना आणि फुटले ते रोजचेच फुटले. "पाणी आलं! वर जा! पाणी आलं!" "हो गं, ओरडतेस काय? जातोय," तो वैतागून म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

क्षणभर बरं वाटलं. मग उजेड पडला. अरे देवा! त्याला वाटलं, की मी परत येऊन अंगणात आहे. मी बटणापाशी उभी आहे आणि तो टाकी बघायला निघालाय. पोरगी झोपलीय, खाली आई आहे, म्हणून तो तिला तशीच ठेवून जाणार! मी परत फोन लावला. लागेना. परत लावला. नुसती टूं टूं. सगळं शहर एकाच वेळी फोन करत असणार.

रिक्षावाला पुढे यायला तयार नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं. मी उतरून पळाले. सगळे शहराकडे पळत होते, मी समुद्राकडे. कुणीतरी माझा दंड धरून मागे ओढलं, मी तो हिसडून सोडवला. भाजीची पिशवी हातात तशीच होती, टाकून द्यायचं सुचलंच नाही. आधी पाणी नुसतं वाळू ओलांडून परत गेलं होतं, घरांत घुसलं ते त्याच्या नंतरचं, हे मला पुढे कळलं. मी पळत असतानाच ते घुसलं. मी ते पाहिलं नाही, फक्त ऐकलं, आणि तो आवाज पाण्याचा वाटत नव्हता. कुणीतरी लोखंड ओढत नेतंय असं वाटत होतं.

गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा पाणी मागे ओढत चाललं होतं. गुडघाभर काळं पाणी, त्यात चपला, घागरी, जाळी. विजेच्या खांबाला एक होडी आडवी टेकली होती. पलीकडच्या कोळीवाड्यातून एकच रडणं ऐकू येत होतं. आमचं दार उघडं होतं. आत टेबल उलटलेलं, कॉम्प्युटर तोंडावर पडलेला. लेकीची गादी भिंतीपाशी जाऊन भिजून पडली होती. मला ती उचलायची होती आणि हात पुढे जाईना. गादीखाली काय असेल, या भीतीने मी तिथेच उभी राहिले. शेवटी डोळे मिटून ओढली. खाली चिखल होता, नुसता चिखल. मग वाटलं, पाणी तिला घेऊन गेलं. तिच्या नावाने हाक मारायला मी दाराकडे वळले.

तेव्हा ऐकू आलं. टुंग. टुंग.

आईशपथ, मी त्या उपड्या कॉम्प्युटरकडे बघितलं. मला वाटलं, हा मेला गेम अजून चालूच आहे. वीज नव्हती, स्क्रीन फुटला होता, तरी वाटलं. मग परत टुंग झालं, वरून, डोक्यावरून. मी जिन्याकडे धावले. पायऱ्यांवर चिखल होता, चार पायांवर चढले.

गच्चीवर नवरा कठड्याला धरून उभा होता. चेहरा पांढराफटक, नजर समुद्राकडे. मला बघून त्याने माझे दोन्ही खांदे धरले. "तू... तू खाली होतीस ना गं?" एवढंच तो परत परत विचारत होता. त्याला वाटत होतं, की मी मोटरपाशी उभी होते आणि पाण्यात वाहून गेले. मग रडत रडत म्हणाला, "तुझ्या फोनने ही उठली. भोकाड पसरलं, म्हणून उचलून आणली. नाहीतर..."

लेक टाकीपाशी बसली होती, कान टाकीला लावून, इवल्या मुठीने ठोकत. रिकामी टाकी वाजत होती. मी तिला इतकी आवळली, की ती कुरकुरली. मग माझा चेहरा हातात धरून तिने अगदी बाबासारखी बातमी दिली.

"आई, पाणी खालीच आलं. वर आलंच नाही."