जिन्याखालचं मशीन

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात जिन्याखाली एक काळा कॉम्प्युटर आहे. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, नुसतं खोकं. आतला पंखा अखंड घुरघुरतो आणि पुढं हिरवा दिवा जळतो. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा माणूस दर वेळी विचारतो, "ताई, ह्यो इन्व्हर्टर हाय काय?" मी "व्हय, इन्व्हर्टर हाय" म्हणून मोकळी होते. कुणाकुणाला सांगत बसू?

तो माझा सर्व्हर. पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम मी घरी बसून करते. तिथं आम्ही बनवलेली अ‍ॅप बड्या कंपन्यांच्या भाड्याच्या मशीनवर चढवतो. मशीन त्यांचं, नियम त्यांचे, आणि त्यांनी डोळे वटारले की आपण गप्प बसायचं. मला ते पहिल्यापासून खुपायचं. आपलं मशीन, आपल्या घरात, आणि त्यावर आपल्याला हवी ती अ‍ॅप, हे खूळ एकदा डोक्यात शिरलं ते शिरलंच. जुना कॉम्प्युटर आणला, त्याची मेमरी वाढवली आणि फुकट मिळणारी एक प्रणाली त्यावर बसवली. या प्रणालीत प्रत्येक अ‍ॅप आपापल्या बंद डब्यात चालतं. मिसळणाच्या डब्यात हळद हळदीच्या वाटीत आणि जिरं जिऱ्याच्या वाटीत असतं ना, तसं. एकाचं दुसऱ्यात सांडत नाही. समोर एक पान उघडतं, त्यावर सगळ्या डब्यांची यादी आणि जो डबा चालू आहे त्याच्यापुढं हिरवा ठिपका. नवं अ‍ॅप चढवायचं तर एक बटण दाबायचं.

पहिला ठिपका हिरवा झाला तेव्हा मी घरात एकटीच नाचले होते. पेठेची फुटबॉलची टीम जिंकली की मिरवणुकीच्या धांदलीत कुणीतरी इंटरनेटची केबल तोडतंच, तेवढं सोडलं तर मशीन कधी अडलं नाही. मला लई गर्व होता त्याचा. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

आक्का, माझी थोरली बहीण, त्याच सुमारास शाहूवाडीहून माझ्याकडं राहायला आली. दाजी जाऊन वर्ष झालं होतं. सासरी भाताची शेती, म्हशी, दीर-जावांचं भरलं घर. तिला तिथं कुणी टोचून बोललं नाही, हे मी कबूल करते. पण पहाटे उठल्यापासून ती राबायची आणि बसलेली दिसली की कुणीतरी काम घेऊन यायचं. तिला काय हवंय हे विचारायची त्या घरात कुणाला सवयच नव्हती.

आल्या आल्या तिनं मला बजावलं. आक्का जुन्या वळणाची, आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' असंच बोलते. "हे बघ, बहिणीच्या घरात आयतं बसून खायाला मी आलेलो न्हाय. चटणी करून विकतो. दिवाळीपातूर धंदा उभा ऱ्हायला तर हितंच ऱ्हातो. न्हाय ऱ्हायला तर भाऊजींना सांगून आलोय, गाडी घिऊन या म्हणून."

"आणि मी काय करू? दारात उभी राहून हात हलवू?" मी चिडले होते.

"तू तुझं इन्व्हर्टर बघ की," ती म्हणाली आणि खदखदून हसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

कांदा-लसणाची चटणी अशी की, बाई, वास आला तरी भूक लागावी! पेठेत ती हातोहात खपली. मग पेठेतल्यांची मुलं-लेकी पुण्याहून, बंगळुरूहून मागवायला लागल्या. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणाला तिखटजाळ हवी, कुणाला रंग हवा पण तिखट नको. हातकणंगल्याच्या एका जैन घरातल्या काकींना कांदा-लसूण अजिबात चालायचा नाही. त्यांच्यासाठी आक्कानं खल, पातेलं, उलथनं सगळं वेगळं ठेवलं होतं आणि त्या भांड्यांना मला हातसुद्धा लावू द्यायची नाही. त्या काकींनी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि मग आपल्या ओळखीची बरीच घरं आक्काला जोडून दिली. त्यातली कितीतरी बाहेरगावची, आक्कानं कधी तोंडही न बघितलेली.

हे सगळं तिच्या फोनवर यायचं आणि तिचा फोन सारखा भरायचा. मग मी पुढं सरसावले. मी शहाणी! दोन रविवार बसून तिच्यासाठी अ‍ॅप बनवलं आणि जिन्याखालच्या मशीनवर चढवलं. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, चटणी कशी हवी, कधी हवी. लोक आपापलं भरायचे आणि आक्का वाचून करायची. "आता फोनमधलं सगळं पुसून टाक, इथं आहे ना," असं मीच तिला सांगितलं. तिनं पुसलं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या डब्यांचा एक नियम असतो. डबा हा टाकायचाच असतो. अ‍ॅपमध्ये काही बदललं की प्रणाली जुना डबा फेकते आणि नवा लावते. म्हणून जपायच्या नोंदी डब्यात ठेवायच्या नाहीत, बाहेर वेगळ्या जागी ठेवायच्या आणि डब्याला नुसती त्यांची वाट दाखवायची. हे मला माहीत होतं. नव्या मुलांना मी हे ऑफिसात शिकवते. पण आक्काचं अ‍ॅप आधी नुसतं चालतंय का बघावं म्हणून चढवलं होतं, नोंदी डब्यातच ठेवून. बाहेरची जागा नंतर करू म्हटलं. ते चाललं, ऑर्डरी यायला लागल्या आणि नंतर राहून गेलं. आक्का एकदा म्हणाली होती, "अक्षरं जरा मोठी कर की गं, दिसत न्हाय मला." करते करते म्हणून मी ढकललं. ती अक्षरं तेव्हा मोठी केली असती तर डबा त्याच दिवशी बदलला असता. चार-दोन नोंदी गेल्या असत्या, मी कपाळावर हात मारला असता आणि सगळं नीट लावलं असतं. साधी अक्षरं मोठी करायची होती हो!

खंडेनवमी आली. आमच्या कोल्हापुरात त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. कारखान्यातली लेथ असो की रिक्षा, धुऊन-पुसून, हळदी-कुंकू लावून, झेंडूचा हार घालून बसवायची. आक्कानं विळी, खल, काटा, पिशव्या चिकटवायचं यंत्र असं सगळं मांडलं आणि माझ्याकडं वळली.

"तुझं ते बी बंद कर."

"ते बंद करायचं नसतं आक्का, सर्व्हर आहे तो."

"वरीसभर राबतंय न्हवं? एक दिस बसू दे की त्याला. राबणाऱ्याला बसवावं एक दिस. माणसांना कुणी बसवत न्हाय, हत्याराला तरी बसवू या."

मी तिला शेजारी बसवलं आणि ते पान उघडून एकेक डबा थांबवला. ठिपके एकेक करून विझले. तिला फार बरं वाटलं. "झोपली पोरं," म्हणाली. मग तिनं ओल्या फडक्यानं खोकं पुसलं आणि जाळीतली धूळ जुन्या टूथब्रशनं काढली. ती इतकं निगुतीनं करतेय म्हटल्यावर मलाही जोर चढला. म्हटलं, तू बाहेरून पुसतेस, मी आतून पुसते. आतही कचरा साठतो, जुने मेलेले डबे, निरुपयोगी फायली. त्यासाठी एक आज्ञा असते. मी ती टाइप केली. मशीननं विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं.

त्या आज्ञेला एवढंच कळतं की जो डबा थांबलेला आहे तो टाकाऊ. एरवी चालू डब्यांना ती हात लावत नाही. मी कितीतरी वेळा ती निर्धास्त चालवली होती. पण त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून सगळ्यांनाच बसवलं होतं. जे बसलंय ते त्या आज्ञेनं झाडून नेलं.

मोकळ्या झालेल्या जागेचा आकडा दिसला. तो जरा जास्तच वाटला, पण मी खूशच झाले. आक्कानं मशीनला कुंकवाचं बोट लावलं आणि आम्ही कडाकण्या खाल्ल्या.

दसऱ्याला सकाळी पान उघडलं तर यादी रिकामी. आक्काचं अ‍ॅप पुन्हा चढवायला काहीच लागलं नाही, एक बटण. ठिपका हिरवा झाला, पान छान उघडलं आणि आत एकही नाव नव्हतं. काय काय करून बघितलं मी! हटवलेलं परत आणायची साधनं, ओळखीतल्या जाणत्यांना फोन. काहीही मिळालं नाही.

आक्काला सांगितलं तेव्हा ती आपट्याची पानं निवडत होती. तिला आधी कळेचना. मग म्हणाली, "म्हंजे दिवाळीच्या ऑर्डरी?"

"सगळ्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कोल्हापूरची बाई, आवाज केवढा तिचा! पण ती हळू म्हणाली, "मीच बंद कर म्हटलं बघ तुला."

"तुझा काही संबंध नाही गं आक्का, मी नोंदी चुकीच्या जागी ठेवल्या होत्या. नुसतं बंद केल्यानं काही जात नाही." तिनं मान हलवली. पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. मी तिला डबा, नियम, आज्ञा, सगळं समजावलंय. ती ऐकून घेते आणि म्हणते, "चालत्या मशीनला मी बसवलो."

पेठेतली माणसं तिच्या ध्यानात होती, त्यांचं निभावलं. बाहेरगावच्या ज्यांचे फोन आले त्यांचं पुन्हा लिहून घेतलं. "पावणं, आवंदा जरा घोटाळा झालाय, पुन्यांदा सांगा," असं ती प्रत्येकाला म्हणायची. ज्यांचे फोन आले नाहीत ते गप्प दुसरीकडं गेले. तरी ती हरली नव्हती. आठवून आठवून पाकिटं भरत होती. या बाईंना कमी तिखट, त्या दादांना दोन पिशव्या.

आणि त्या आठवण्यात एक पाकीट चुकलं. हातकणंगल्याच्या काकींच्या ओळखीतल्या पुण्याच्या एका घरी कांदा-लसणाची चटणी गेली. दोन गिऱ्हाइकांची नावं सारखी होती. सगळ्यांनी जेवायला घेतल्यावर लक्षात आलं. काकींचा फोन आला, स्पीकरवर मीही ऐकला. चिडल्या नाहीत त्या. "असू द्या आक्का, चूक माणसाकडूनच होते," एवढंच म्हणाल्या. परत त्यांची ऑर्डर आली नाही आणि त्यांनी जोडलेल्या घरांचीही आली नाही.

आक्कानं तो वेगळा खल घासला, पुसला आणि पालथा घातला. "लोकांच्या ताटात मी लसूण घातलो," म्हणाली. "धंद्यात तोटा आला तर सोसता येतो गं. ह्ये न्हाय सोसत." मी भांडले, रडले, पाया पडते म्हणाले. इथंच राहा, काही विकू नकोस, नुसती राहा. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ट्रंक काढली.

भाऊबीज झाल्यावर दीर गाडी घेऊन आला. भला माणूस. चहा पिऊन उठला आणि म्हणाला, "चला वयनी, म्हशी व्यायला आल्यात." आक्का चपला घालून लगेच निघाली.

आता जिन्याखालचं मशीन इतकं नीट लावलंय की बघत राहावं. नोंदी डब्याबाहेर, त्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर आणि आणखी एक नक्कल घराबाहेर. अक्षरंसुद्धा मोठी केलीत. आक्काचं अ‍ॅप चालू आहे, ठिपका हिरवा आहे आणि आत काही नाही.

यंदा खंडेनवमीला सकाळीच तिचा फोन आला. मागं म्हशी हंबरत होत्या. मी म्हटलं, "आक्का, फुलं आणलीत. मशीन बंद करून पूजा करणार आहे. आता काही जात नाही."

"नगं गं बाई," ती घाबरून म्हणाली. "बसवू नगंस त्याला. चालू दे तसंच."

"बरं, नाही बंद करत. तू बसलीस का आज जरा?"

"मला कुठलं बसायला," आक्का म्हणाली. "ठिव फोन, दूध उतू जातंय."